खिशातला कॅमेरा की गळ्यातला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी कामगार कायद्यावर काही बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी आजचा विषय कळविला तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले असणार. युनियनचे काम करणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यावर बोलण्याचे कारण काय, असे आपल्यापैकीही काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर प्रथम देतो.

मी छायाचित्रकार नव्हे, आणि विद्वान तर नव्हेच. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. अमरावती आणि अकोला या दोन शहरांच्या दरम्यान, जिनिंग-प्रेसिंगची आवारे आणि बाजार समित्या यांतून हिंडण्यात माझे आयुष्य गेले. या हिंडण्यात एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कापूस बाजारातला एखादा हमाल कचेरीत येतो, दुपट्ट्याने घाम पुसतो आणि म्हणतो, "भाऊ, पोट्टं म्हन्ते कॅमेरा पायजे. लहाना घेतला तं लोकं हासतात, मोठा घ्या तं कर्ज काढा लागते. कोन्ता घेऊ, तुमीच सांगा."

त्या मुलाला लग्नाचे फोटो काढून पोट भरावयाचे असते. बापाच्या पाठीवरचे पोते आपल्या पाठीवर येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते. तेव्हा हा प्रश्न रोजगाराचा आणि कर्जाचा झाला, आणि म्हणून तो माझ्याही अंगणातला झाला. दुसरे असे की, कामगारांवर अन्याय होतो तेथे पुरावा लागतो, आणि पुराव्यासाठीही आज कॅमेरा लागतो. या दोन कारणांनी मी या यंत्रांचा थोडाफार अभ्यास केला. तो आपल्यापुढे ठेवतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या दोन कॅमेऱ्यांविषयी मी बोलणार आहे, त्या दोघांचाही भर ओसरला आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघाचे आकडे असे सांगतात की, २०१० साली जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यांतले बहुसंख्य खिशातले होते. २०२३ साली हा आकडा ७७ लाखांच्या आसपास आला. खिशातला कॅमेरा मोबाईलने खाल्ला. आरशाच्या कॅमेऱ्याला, म्हणजे डी.एस.एल.आर.ला, बिनआरशाच्या 'मिररलेस' कॅमेऱ्याने मागे सारले. मोठ्या जपानी कंपन्यांनी आपले लक्ष तिकडे वळविले. मग या दोहोंची चर्चा कशाला? कारण आपल्या गावात जुन्या मालाच्या बाजारात हे दोन्ही मुबलक मिळतात, आणि गरीब माणसाचा पहिला कॅमेरा बहुधा तेथूनच येतो.

आता दोहोंची रचना पाहू. डी.एस.एल.आर. हे नाव मोठे आहे, पण आतली युक्ती साधी आहे. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. म्हणजे भिंग जे पाहते तेच आपण पाहतो. बटण दाबले की आरसा क्षणभर वर उचलला जातो, झडप उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. 'खटाक' असा जो आवाज होतो तो या आरशाचा आणि झडपेचा. या कॅमेऱ्याचे भिंग काढून दुसरे लावता येते. खिशातल्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, भिंग कायमचे बसविलेले असते, आणि बंद केले की ते कासवाच्या मानेप्रमाणे आत जाते. सोनीने २०१२ साली काढलेला आरएक्स-१०० हा खिशातला कॅमेरा २४० ग्रॅमचा होता. नवशिक्याचा डी.एस.एल.आर. भिंगासह सहाशे ते सातशे ग्रॅम भरतो, आणि पिशवी वेगळी.

खरा फरक मात्र सेन्सरच्या आकारात आहे. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी पाटी. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त जमते. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याची पाटी साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते. डी.एस.एल.आर.ची साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा असते. क्षेत्रफळ काढून पाहा; परात वाटीच्या सुमारे तेरापट निघते. भर दुपारी वऱ्हाडच्या उन्हात याने काही बिघडत नाही, कारण मुसळधार पावसात वाटीही भरते. पण रात्री मंगल कार्यालयात, किंवा नरनाळ्याच्या किल्ल्यावर दरवाज्याच्या कमानीखाली उभे राहिलात की पाऊस झिमझिम होतो, आणि मग वाटीतले चित्र कणीदार, मळकट दिसू लागते.

येथे दुकानदार आपले बोलणे संपवितो. मला आणखी एक पायरी पुढे जावयाचे आहे, कारण गिऱ्हाईक फसते ते या पायरीवर. परात मोठी असली तरी तिच्यावर धरलेले नरसाळे अरुंद असेल तर काय उपयोग? हे नरसाळे म्हणजे भिंगाचे छिद्र. त्याचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. नवशिक्याच्या डी.एस.एल.आर.सोबत पेटीत जे भिंग येते, त्याचा आकडा साडेतीनपासून सुरू होतो आणि चित्र जवळ आणले की ५.६ पर्यंत जातो. उलट, एक इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधल्या आकाराच्या सेन्सरच्या खिशातल्या कॅमेऱ्याला १.८ चे भिंग असते. त्याची पाटी डी.एस.एल.आर.च्या साधारण एक तृतीयांश, पण छिद्रातून येणारा प्रकाश जवळजवळ चौपट. तेव्हा रुंद चित्र घेताना दोघे जवळपास बरोबरीत येतात! म्हणजे पेटीतल्या भिंगावरच समाधान मानणाऱ्याने मोठ्या कॅमेऱ्याचे ओझे वाहिले, पण त्याचा लाभ पदरात पाडून घेतला नाही. त्याच डी.एस.एल.आर.ला ५० मिलिमीटरचे १.८ चे साधे, स्वस्त भिंग लावा. पेटीतल्या भिंगाच्या ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश येतो. मोठ्या कॅमेऱ्याचा मोठेपणा भिंग बदलण्यात आहे. ज्याला दुसरे भिंग घेणे कधीच शक्य नाही, त्याने तो घेताना दहा वेळा विचार करावा.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या आणि स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यात चित्र स्पष्ट करण्याची रीत जुन्या रेडिओसारखी असते. नागपूर केंद्र लावताना आपण काटा मागेपुढे फिरवीत असू आणि आवाज स्पष्ट झाला की थांबत असू. तसा तो भिंग मागेपुढे करीत राहतो. तेवढ्यात वरमाला गळ्यात पडून जाते. डी.एस.एल.आर.मध्ये प्रकाशाच्या दोन बाजूंची तुलना करून भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवावयाचे हे एकदम कळते. नंतरच्या महागड्या खिशातल्या कॅमेऱ्यांत ही सोय आली, पण साध्यांत नाही. ज्याला क्षण विकून पोट भरावयाचे आहे, त्याला हा वेग लागतो. वधूवरांना "पुन्हा एकदा माळ घाला" असे किती वेळा म्हणणार?

उलटही उदाहरण देतो. आपल्या अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावावर, अकोल्याजवळ कापशीच्या तलावावर पक्षी पाहणारी तरुण मंडळी जमतात. मेळघाटात तर ती जातातच. दूरचा पक्षी जवळ आणावयाचा तर डी.एस.एल.आर.ला लांब, जड आणि महाग भिंग लागते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात मात्र वीस-तीस पट जवळ आणणारे भिंग खिशात मावते, कारण पाटी लहान असली की भिंगही लहान चालते. चित्र भिंतीवर मोठे करून लावण्याजोगे येणार नाही. पण पक्षी कोणता हे ओळखण्यास सकाळच्या उन्हात ते पुरते. ज्याला नोंद ठेवावयाची आहे त्याला वाटी पुरते. ज्याला प्रदर्शन भरवावयाचे आहे त्याला परात हवी.

वऱ्हाडच्या हवेचाही विचार केला पाहिजे. पुस्तके लिहिणाऱ्यांना आपली धूळ ठाऊक नसते. जिनिंगच्या शेडमध्ये रुईचे तूस हवेत तरंगत असते. तेथे डी.एस.एल.आर.चे भिंग बदलले की तूस सेन्सरवर बसलेच. पण तेथे पोचता येते, ते साफ करता येते. खिशातल्या कॅमेऱ्याचे भिंग आतबाहेर होताना धूळ ओढून घेते, आणि एकदा आत गेलेली धूळ काढणे जिकिरीचे असते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, ती दोन्ही कॅमेऱ्यांवर. चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. उपाय थोडक्या पैशांचा आहे आणि यंत्र हजारोंचे आहे.

आता पैशांकडे येतो. 'लहान म्हणजे स्वस्त' हा समज सोडून द्या. एक इंची सेन्सरचा चांगला खिशातला कॅमेरा कित्येकदा नवशिक्याच्या डी.एस.एल.आर.हून महाग पडतो. आणि 'कॅमेरा घेतला की खर्च संपला' हाही समज सोडून द्या. मोठ्या कॅमेऱ्यामागे दुसरे भिंग, फ्लॅश, जादा बॅटरी, कार्डे, संगणक यांची वरात येते. शिवाय घसारा असतो. कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. आपला पोरगा मात्र धरीत नाही. नवशिक्याच्या डी.एस.एल.आर.ची झडप साधारण एक लाख वेळा उघडेल, अशा अंदाजाने बनविलेली असते. एका लग्नात दोन हजार चित्रे घेतली तर पन्नास लग्नांत हा लाख पुरा होतो. कॅमेरा चाळीस हजारांना घेतला असेल तर प्रत्येक लग्नाच्या मजुरीतून आठशे रुपये यंत्राच्या झिजेचे बाजूला काढलेच पाहिजेत. झडप त्याच दिवशी मोडते असे नव्हे, पण हिशेब असाच मांडावा. जुना कॅमेरा घेतानाही झडप किती वेळा उघडली हा आकडा पाहून घ्यावा. मोटारसायकल घेताना आपण किलोमीटर पाहतो की नाही?

कोणी म्हणेल, दादासाहेब फाळके यांनी नाही का विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला? खरे आहे, आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे. पण कर्ज काढण्यापूर्वीचे फाळके पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला होता. छपाईच्या धंद्यात हात काळे केले होते. त्यांची कला कर्जाच्या पुढे वीस वर्षे चालत होती. आपल्या पोराचे कर्ज कलेच्या पुढे धावते आणि हप्ता त्याच्याही पुढे. म्हणून मी हमालभाऊंना सांगतो: पोराला प्रथम एक लग्नसराई एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखाली काढू द्या. त्याचे दिवे धरू द्या, पिशवी वाहू द्या. मजुरी मात्र ठरवून घ्या. 'शिकतोस ना, मग फुकट कर' हे मी कोणत्याही धंद्यात मान्य करीत नाही. दुसऱ्या सराईत कॅमेरा भाड्याने घेऊ द्या. तिसऱ्या वेळी, गिऱ्हाईक जमले तर, जुना डी.एस.एल.आर. आणि ५० मिलिमीटरचे भिंग घ्या. तेव्हा तो घेणे योग्य होईल, आणि लोकांनी हसण्या-न हसण्याशी त्याचा संबंध राहणार नाही.

आता दुसरा भाग, पुराव्याचा. एका जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यावरचे संरक्षक कुंपण काढून ठेवले होते. एका मजुराचा हात गेला. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तो कुंपण जागेवर बसविलेले, वर ताजा रंग लावलेला! अपघाताच्या क्षणी तेथे कोणाच्या खिशात कॅमेरा असता तर त्या रंगाला काही किंमत राहिली नसती. फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमानेच घातले होते. कायदा पुस्तकात होता. पुरावा कोणाजवळ नव्हता. अशा कामाला गळ्यातला कॅमेरा निरुपयोगी आहे. तो फाटकावरच अडविला जातो. साक्षीदाराचा कॅमेरा खिशातच असला पाहिजे.

आपण म्हणाल, मग मोबाईल आहेच. आहे, आणि वेळेला तोच वापरावा. पण एक अडचण सांगतो. चौकशीत पुरावा मागितला तर मोबाईल हवाली करावा लागतो, आणि मोबाईल म्हणजे आज माणसाचा सगळा संसार: बँक, नातेवाईक, युनियनच्या सभासदांची नावे. खिशातल्या कॅमेऱ्याचे कार्ड तेवढे काढून पाकिटात घालून देता येते. कोणी धमकावले तर गमावण्यासारखे त्यात तेवढेच असते. कमिटीने मिळून एक साधा कॅमेरा घ्यावा आणि तो याच कामाला राखून ठेवावा, असे माझे मत त्यामुळे झाले आहे.

कायद्याचीही बाजू आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, मूळ साधनच न्यायालयापुढे ठेवून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी; पण इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करावयाची तर कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. यातून साध्या माणसाने तीन गोष्टी शिकाव्यात. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर लावून ठेवा. मूळ चित्र कापू नका, उजळू नका, रंगवू नका. आणि मूळ कार्ड पुसू नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अमेरिकेतल्या एका शिक्षकाने शिकविली. लुईस हाइन हे त्याचे नाव. १९०८ पासून तेथील बालमजुरीविरोधी समितीसाठी तो गिरण्यांतून आणि खाणींतून मुलांची चित्रे घेत फिरला. त्याचा कॅमेरा लाकडी तिकाटण्यावर ठेवावयाचा, अवजड होता. कारखान्यांत शिरण्यासाठी त्याला नाना बहाणे करावे लागत. पण खिशात हात घालून तो गुपचूप टिपणे करी. आपल्या कोटाच्या गुंड्यांची उंची त्याने मोजून ठेवली होती, आणि मूल कितव्या गुंडीपर्यंत येते त्यावरून तो मुलाची उंची लिहून घेई. वय, काम, जागा, तारीख ही टिपणे सोबत असल्यामुळे मालकांना ती चित्रे खोटी म्हणता येईनात. पाहा, कॅमेरा खिशात मावत नव्हता, पण वही मावत होती. ज्याच्याजवळ कॅमेरा आहे आणि वही नाही, त्याचा पुरावा अर्धाच आहे.

आणि चित्र घेताना माणसाला विसरू नका. मजुराचा चेहरा दाखविला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे काम गेले, तर आपण त्याच्या बाजूचे की विरुद्ध बाजूचे? यंत्र दाखवा, हजेरीपट दाखवा. चेहरा त्याला विचारून दाखवा. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचे चरख्याजवळ चित्र घेण्यासाठी पुण्याला आली, तेव्हा तिला आधी सूत कातावयास शिकण्याची अट घातली गेली. तिने ती मानली, आणि ते चित्र जगभर गेले. आम्हा कापूसवाल्यांना ही अट फार आवडण्यासारखी आहे. ज्या कामाचे चित्र घ्यावयाचे ते काम आधी समजून घ्या, मग कॅमेरा उचला. त्याच गांधीजींची अखेरच्या दिवसाची चित्रे, ३० जानेवारी १९४८ ची, आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाने हातात मावणाऱ्या लायका कॅमेऱ्याने घेतली. एकीच्या हाती फ्लॅशचा सरंजाम, दुसऱ्याच्या हाती लहानसे यंत्र. जगाने दोन्ही चित्रे जपून ठेवली.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. कॅमेरा निवडण्यापूर्वी काम निवडा. दुसऱ्याच्या समारंभाची चित्रे घेऊन मजुरी मिळवावयाची असेल, ती मजुरी मिळेल अशी खात्री झाली असेल आणि दुसरे भिंग घेण्याची ऐपत असेल, तर गळ्यातला कॅमेरा घ्या. घरच्या आठवणी, प्रवास, पाखरांची नोंद, कामाच्या जागेची साक्ष यांसाठी खिशातला घ्या, किंवा जवळच्या मोबाईलवरच भागवा. शेजाऱ्याच्या गळ्यात आहे म्हणून माझ्याही गळ्यात हवा, या एकाच कारणासाठी मात्र कोणताच घेऊ नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात शोभतो. हप्त्याचा फास शोभत नाही.

 ज्यांच्या घरात या सराईला कॅमेरा यावयाचा आहे, त्यांनी युनियनच्या कचेरीत अवश्य यावे. यंत्र घेऊन यावे, आणि हिशेबाची वहीही घेऊन यावी.